किती जण निघाले होते?

प्रश्न असा आहे: मुख्य भूमीपासून शेकडो किलोमीटर लांबच्या बेटावर परदेशी माणसांनी भरलेली नाव येऊन लागली, की तिथले पोलीस आणि सीमेवर काम करणारी खाती नेमकं काय करतात? आधी अधिकार कोणाचा? बातमीत 'सगळ्यांना ताब्यात घेतलं' एवढंच छापून येतं, मधल्या तासांत काय घडतं?

मी बावीस वर्षं सागरी बचावाच्या समन्वय केंद्रात काढली. त्यातली शेवटची सहा वर्षं लहान बेटांवरच्या पोलिसांना याच कामाचं प्रशिक्षण देत होतो. उत्तर लांबणार आहे, कारण या विषयावर थोडक्यात बोललं की बहुतेक वेळा चुकीचं बोललं जातं.

आधी अंतर लक्षात घ्या. ख्रिसमस बेट ऑस्ट्रेलियाचं, पण ते ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे आणि जावाच्या त्यामानाने कितीतरी जवळ. लाम्पेदुसा इटलीचं, पण सिसिलीपेक्षा ट्युनिशिया त्याला जवळ. अशा ठिकाणी 'यंत्रणा' हा शब्द पहिल्या काही तासांपुरता फार मोठा आहे. तिथे असतात दोन-चार पोलीस, एखादी परिचारिका, बंदरावरचा माणूस आणि मासेमार. गस्तीनौका, विमान, इमिग्रेशनचे अधिकारी, तपास करणारे, दुभाषी हे सगळे नंतर येतात. हवा बिघडलेली असेल तर दोन दिवसांनी येतात. म्हणून बेटावर नाव लागली की कागदावर अधिकार कोणाचाही असो, हात त्या तीन-चार माणसांचेच चालतात. पुढचं सगळं काम त्यांनी काय केलं, काय लिहून ठेवलं, यावर उभं राहतं.

माझ्या नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षातली एक रात्र सांगतो. एका प्रवाळ बेटाच्या बाहेरच्या खडकांवर नाव आदळून फुटली. बेटावर एकच हवालदार होता. त्याने मासेमारांना उठवलं, दोऱ्या टाकल्या, माणसं ओढून घेतली आणि पहाटे साडेचारला बिनतारी यंत्रावर मला कळवलं: ३१ जण किनाऱ्यावर, सगळे जिवंत. मी नोंदवहीत ३१ लिहिलं आणि शोधासाठी निघालेलं विमान परत बोलावलं. सकाळी नऊला फोनवर दुभाषी मिळाला. पहिल्याच बाईने त्याला विचारलं, माझा भाऊ कुठे आहे? निघाले होते ३४. नाव फुटण्याआधी दूरवर दिवा दिसला म्हणून तिघे पोहत गेले होते. साडेचार तास त्या समुद्रावर कोणीही कोणाला शोधत नव्हतं. हवालदाराने मोजलं ते अगदी बरोबर मोजलं होतं. चूक माझी होती. वाचले किती, हे मी विचारलं. निघाले किती, हे विचारलंच नाही.

विमान पुन्हा पाठवलं. दुपारी दोघे एका कातळावर सापडले, भरतीचं पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आलं होतं. तिसरा त्या दिवशी सापडला नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्गात पहिला धडा हाच असतो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांना पहिला प्रश्न 'कुठून आलात' हा नसतो, 'का आलात' हाही नसतो. निघताना किती होतात, वाटेत कोणी पाण्यात पडलं का, कोणी दुसऱ्या नावेत गेलं का, तुमच्या मागे-पुढे आणखी नाव होती का. हे चार प्रश्न आधी. तेही एकालाच विचारून भागत नाही. भेदरलेली माणसं कमी आकडा सांगतात. कोणाला वाटतं, मेलेल्यांची नावं सांगितली तर आळ आपल्यावरच येईल. कोणाला नाव चालवणाऱ्याने धमकावलेलं असतं. म्हणून तिघा-चौघांना वेगवेगळं, एकमेकांना ऐकू जाणार नाही असं विचारायचं आणि उत्तरं ताडून पाहायची. सोबत किनाऱ्यावरची जॅकेटं, पिशव्या, चपला मोजायच्या. माणसं ३१ आणि बोचकी ३६ असतील तर शोध थांबवायचा नाही.

हा आकडा किती बोलका असतो, ते २०२१ साली अंदमानच्या समुद्रात दिसलं. बांगलादेशच्या कॉक्स बझारहून फेब्रुवारीत रोहिंग्यांची एक नाव ९० जणांना घेऊन निघाली आणि इंजिन बंद पडून वाहवत राहिली. भारतीय तटरक्षक दलाला ती सापडली तेव्हा ८१ जण जिवंत होते, ८ मेले होते आणि १ बेपत्ता होता. निघालेल्यांचा आकडा माहीत होता म्हणूनच तो एक 'बेपत्ता' ठरला. माहीत नसता तर तो जगाच्या हिशेबात कधी नव्हताच. ते ८१ जण तीन महिन्यांहून जास्त काळ समुद्रावरच राहिले आणि जूनमध्ये इंडोनेशियात आचे प्रांतापाशी इदामान नावाच्या निर्जन बेटावर उतरले. निर्जन बेटावर पोलीस नसतो. तिथे पहिले भेटतात ते मासेमारच.

आता अधिकाराबद्दल. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, तो समुद्र त्या देशाचा. २४ मैलांपर्यंतच्या लगतच्या पट्ट्यात जकात, कर, परदेशी नागरिकांचा प्रवेश आणि आरोग्य यांचे नियम मोडले जाऊ नयेत म्हणून अडवण्या-तपासण्याचा हक्क असतो. त्यापुढे २०० मैलांपर्यंतचं आर्थिक क्षेत्र मासे, खनिजं अशा गोष्टींसाठी. तिथे प्रवेशबंदीचे नियम लावता येत नाहीत. बचावाच्या रेषा मात्र याहून वेगळ्या आहेत. १९७९ च्या सागरी शोध आणि बचाव कराराखाली सगळा समुद्र बचाव क्षेत्रांमध्ये वाटलेला आहे. कोणत्या क्षेत्रात समन्वय कोणत्या देशाने करायचा ते ठरलेलं आहे. २००४ साली त्यात दुरुस्त्या झाल्या आणि २००६ पासून त्या लागू आहेत. वाचवलेल्यांना सुरक्षित ठिकाणी उतरवण्याची व्यवस्था होईल हे पाहण्याची मुख्य जबाबदारी त्या क्षेत्राच्या देशावर आली. आणि या सगळ्याच्या वर, बुडणाऱ्याला हात देण्याचं कर्तव्य प्रत्येक जहाजाच्या कप्तानावर आहे, तो कुठल्याही ध्वजाखाली असो.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात माणसं दोन रेषांच्या मधे मरतात. ११ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदुसापासून साठेक सागरी मैलांवर एक नाव पाणी भरून बुडत होती. नावेतल्या एका डॉक्टरने उपग्रह फोनवरून इटलीला पुन्हा पुन्हा फोन केले. ती जागा माल्टाच्या बचाव क्षेत्रात होती, म्हणून त्याला माल्टाला फोन करायला सांगण्यात आलं. इटलीच्या नौदलाचं जहाज माल्टाच्या बोटीपेक्षा पुष्कळ जवळ होतं, पण त्याला वेळेत हुकूम गेला नाही. दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२१ साली यात इटलीला जबाबदार धरलं. मी ते फोनवरचं बोलणं प्रशिक्षणात ऐकवायचो. ऐकताना खोलीत शुकशुकाट व्हायचा, कारण टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी म्हटलेलं असतं, 'हे आमच्या हद्दीत येत नाही.'

तेव्हा 'अधिकार आधी कोणाचा' याचं माझं उत्तर हे: माणसं पाण्यात आहेत किंवा नाव धोक्यात आहे तोवर ते बचावाचं काम आहे आणि सूत्रं बचाव समन्वय केंद्राकडे. पोलीस, सीमा दल, नौदल, सगळे त्या वेळी बचाव करणारे. शेवटचा माणूस कोरड्या जमिनीवर आला, मोजणी जुळली आणि जखमी बाजूला काढले, की मग पोलिसांचं आणि इमिग्रेशनचं काम सुरू होतं. ही वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवायची. मी वर्गात फळ्यावर एक आडवी रेघ ओढायचो आणि सांगायचो, रेघेच्या अलीकडे कोणाला पासपोर्ट मागायचा नाही.

नावेपाशी जाणं हे सगळ्यात धोक्याचं. गच्च भरलेल्या नावेतली माणसं मदत दिसली की उठून तिच्या बाजूला येतात. तोल जातो आणि नाव क्षणात उलटते. ३ ऑक्टोबर २०१३ ला लाम्पेदुसाच्या किनाऱ्यापासून एक किलोमीटरही नाही अशा अंतरावर हेच झालं. इंजिन बंद पडलं, खूण करायला घोंगडी पेटवली, आग पसरली, लोक एका बाजूला सरकले. ३६८ मृतदेह मिळाले. त्यांच्यापर्यंत पहिल्यांदा पोचले ते रात्री आपल्या नावेवर मुक्कामाला असलेले काही मित्र. पहाटे त्यांना आधी समुद्रपक्ष्यांचे आवाज वाटले होते, मग कळलं की माणसं ओरडताहेत. त्यांनी ४७ जणांना वर ओढलं. २८ मे २०२५ ला स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एल हिएरोवरच्या ला रेस्तिंगा बंदरात तर नाव धक्क्यापासून काही मीटरवर होती आणि बचावाची बोट शेजारी लागलेली होती. उतरवायला सुरुवात झाली, लोक एका बाजूला आले, नाव कलंडली. सात जणी गेल्या, बायका आणि मुली.

म्हणून शिकवताना मी या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवायचो. लांब थांबा. प्रकाशझोत डोळ्यांवर मारू नका. एकाच माणसाने बोलायचं, तळहात खाली करून 'बसा, बसा' अशी खूण करायची. शक्यतो बाजूने न जाता पुढून किंवा मागून जायचं. आधी सगळ्यांपर्यंत जॅकेटं पोचवायची, ती अंगात चढेपर्यंत एकालाही उचलायचं नाही. तरुण पोलिसांना हे थांबणं फार जड जातं. समोर बाई मूल वर धरून रडत असते आणि आपण वीस मीटरवर उभे असतो. पण ती वीस मिनिटं थांबलात तर सगळे मिळतात.

आणि कधी कधी उतरवायला नावच नसते. १५ डिसेंबर २०१० ला ख्रिसमस बेटावर एक लाकडी नाव पहाटेच्या वादळी हवेत थेट कड्याखालच्या खडकांपर्यंत आली, तोवर कोणालाच तिचा पत्ता नव्हता. नौदलाचं आणि सीमाशुल्क खात्याचं जहाज लाटांपासून आडोसा घेऊन बेटाच्या दुसऱ्या बाजूला होतं. गावकरी कड्यावरून जॅकेटं आणि दोर फेकत होते, खाली माणसं खडकांवर आपटत होती. जहाजांच्या छोट्या बोटींनी वळसा घालून येऊन ४१ जणांना काढलं. ५० जण मेले. मृत्यूंची न्यायिक चौकशी झाली तेव्हा बेटावर पोलिसांकडे योग्य बचाव बोट नव्हती यावर ताशेरे ओढले गेले. बेटाच्या ठाण्याला गाडी मिळते, संगणक मिळतो, बोट मागितली की कागद वर्षानुवर्षं फिरतो. हे फक्त तिथलंच दुखणं नाही.

किनाऱ्यावर आल्यानंतर कोणाकडे आधी पाहायचं? ओरडणाऱ्याकडे नाही, गप्प बसलेल्याकडे. पाण्यातून काढलेला माणूस चालत येतो, बोलतो आणि दहा मिनिटांनी कोसळतो, कारण इतका वेळ ताणून धरलेलं शरीर सुटकेच्या क्षणी ढिलं पडतं. त्याला उभं ठेवू नका, आडवा करा, ओले कपडे काढा, कोरडं पांघरा. दुसरं, पेट्रोलचे चटके. रबरी होड्यांच्या तळाशी सांडलेलं इंधन आणि खारं पाणी मिसळतं, आणि सुरक्षित म्हणून मधोमध बसवलेल्या बायका आणि मुलं तासन्‌तास त्यात बसून असतात. त्या बायका पुरुष पोलिसाला हे सांगणार नाहीत. कातडी गेलेली असते आणि त्या पांघरूण घट्ट धरून बसतात. म्हणून पहिल्या तासात एक बाई तिथे हवीच. परिचारिका असो, शिक्षिका असो, मासेमाराची बायको असो. तिसरं, फार दिवस उपाशी असलेल्यांना एकदम पोटभर जेवू घालू नका. त्याने शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडून माणूस दगावू शकतो. थोडं थोडं द्या, डॉक्टरला विचारून द्या.

मनगटावर कागदी पट्टी बांधून क्रमांक द्या, कुटुंबाला लागोपाठचे क्रमांक द्या आणि ते कुटुंब एकत्र ठेवा. कातडीवर पेनाने आकडा लिहू नका. २०१५ साली चेक पोलिसांनी रेल्वेतून उतरवलेल्यांच्या हातांवर आकडे लिहिले, तेव्हा युरोपभर लोकांच्या अंगावर काटा आला. सोय म्हणून केलेली गोष्ट समोरच्याला गुरासारखं वागवल्याची होऊन बसते.

झडतीचं काय, असं पोलीस मला हमखास विचारतात. झडती घ्यायचीच. येणारी प्रत्येक नाव निर्वासितांची नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानच्या समुद्रात म्यानमारच्या एका मासेमारी नावेवर भारतीय तटरक्षक दलाला पाच हजार किलोहून जास्त मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ मिळाला. सावध राहणं चूक नाही. पण कपड्यांवरून चाचपून शस्त्र शोधायला माणशी मिनिटभर लागतो, त्यासाठी कोणाला नागवं करावं लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्रीसच्या फार्माकोनिसी या चिमुकल्या बेटाजवळ २७ जणांची नाव तटरक्षकांच्या समोर बुडाली आणि ११ जण मेले, तीन बायका आणि आठ मुलं. वाचलेल्यांना बेटावर आणून सगळ्यांसमोर कपडे काढायला लावून झडती घेतली गेली. काही तासांपूर्वी ज्यांची बायको-मुलं बुडाली होती ती ही माणसं. युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने २०२२ साली ग्रीसला दोषी ठरवलं. जीव वाचवण्यासाठी पुरेसं केलं नाही म्हणून, नीट चौकशी केली नाही म्हणून आणि त्या झडतीसाठीही. त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे जी मी पोलिसांना वाचून दाखवतो. जबाब घेताना दुभाष्यांचा गंभीर घोळ झाला होता, वाचलेल्यांनी जे सांगितलं ते कागदावर तसं उतरलंच नाही.

दुभाषी हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित माणूस. बेटावर तो नसतोच. मग नावेतलाच कोणी मोडकं इंग्रजी बोलणारा पुढे येतो आणि सगळे सुस्कारा सोडतात. मोजणीचे चार प्रश्न आणि कुठे दुखतंय, यापलीकडे त्याला वापरू नका. तो चांगला असेल, पण तो नावेच्या मालकाचा माणूस असू शकतो आणि बाकीचे त्याच्यासमोर तोंड उघडणार नाहीत. फोनवरून बोलणारा, नावेशी संबंध नसलेला दुभाषी येईपर्यंत जबाब थांबवा. उशिरा घेतलेला खरा जबाब लवकर घेतलेल्या खोट्यापेक्षा खटल्यात टिकतो.

एक अपवाद. कोणी 'मला परत पाठवू नका, तिथे मला मारतील' असं म्हणालं, कोणत्याही भाषेत, कितीही मोडकं, तर ते वाक्य वेळेसकट लिहून ठेवा. १९५१ च्या निर्वासित कराराचं ३३ वं कलम सांगतं की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे कोणाला परत ढकलायचं नाही. ३१ वं कलम सांगतं की अशा धोक्यातून थेट आलेल्याने लगेच स्वतःला अधिकाऱ्यांपुढे हजर केलं आणि सबळ कारण दिलं, तर नुसत्या बेकायदा प्रवेशासाठी त्याला शिक्षा करायची नाही. त्या माणसाची भीती खरी की खोटी हे बेटावरच्या पोलिसाने ठरवायचं नाही. त्याने फक्त ते वाक्य हरवू द्यायचं नाही. हे काम समुद्रावरही टळत नाही. २००९ साली लाम्पेदुसाच्या दक्षिणेला अडवलेल्या लोकांना इटलीने कोणतीही चौकशी न करता लिबियात नेऊन सोडलं आणि २०१२ साली युरोपियन न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं.

सुकाणू धरलेला माणूस म्हणजे तस्कर, ही समजूत मला फार वेळा मोडावी लागली. खरा धंदा करणारा किनारा सोडतच नाही. सुकाणू देतात एखाद्या गरीब मासेमाराच्या पोराला, किंवा भाड्यात सूट देऊन प्रवाशालाच. ऑस्ट्रेलियात साधारण २००८ ते २०१२ या काळात अशा नावांवरची इंडोनेशियन पोरं मनगटाच्या एक्स-रेवरून प्रौढ ठरवून मोठ्यांच्या तुरुंगात टाकली गेली. त्या देशाच्या मानवी हक्क आयोगाने २०१२ साली चौकशी करून सांगितलं की ही वय ठरवण्याची पद्धत भरवशाची नाही. पुढे सरकारने भरपाईही मान्य केली. बेटावरच्या पोलिसाला माझं सांगणं असतं: कोण कुठे बसला होता, इंजिनाला कोणाचा हात लागत होता, पैसे कोणी कोणाला कुठे दिले, हे लिहा. 'तांडेल' किंवा 'तस्कर' हे शब्द आपल्या बाजूने कोणाला चिकटवू नका.

नाव हाच पुरावा असतो आणि तो सहा तासांत भरतीबरोबर जातो. फोटो काढा: इंजिनाचा क्रमांक, इंधनाचे डबे, खाण्याच्या पाकिटांवरची छापील भाषा, जॅकेटांवरचे शिक्के. फोन घेतले तर प्रत्येकाला पावती द्या, आणि घरी एक निरोप जाऊ द्या. तो फोन तपासासाठी जितका मोलाचा तितकाच आईला कळवण्यासाठी. नाव परक्या मातीतून आलेली असते, तिच्यात किडे, उंदीर, रोग असू शकतात. बेटांचं निसर्गचक्र नाजूक असतं, म्हणून अनेक देश अशा नावा जाळतात. जाळा, पण फोटो आणि मोजमापं झाल्यावर.

गावकऱ्यांना दूर हाकलू नका. टोरेस सामुद्रधुनीत ऑस्ट्रेलियाच्या साइबाई बेटावरून पापुआ न्यू गिनीचा किनारा चार-पाच किलोमीटरवर समोर दिसतो. १९७८ साली सही झालेल्या आणि १९८५ पासून लागू असलेल्या करारानुसार दोन्ही बाजूंचे परंपरेने राहणारे लोक पासपोर्ट-व्हिसाशिवाय ये-जा करतात: नातेवाईक, मासेमारी, धार्मिक विधी यांसाठी. तिथे रोज होड्या येतात. त्यातली कोणती परंपरेची आणि कोणती नाही, हे कागद पाहून कळत नाही, चेहरे ओळखणाऱ्याला कळतं. म्हणून ऑस्ट्रेलियाने तिथे बेटावरच्याच लोकांना ये-जा पाहणारे अधिकारी म्हणून नेमलं. ही कल्पना मला कुठल्याही रडारपेक्षा मोलाची वाटते. आचेमध्ये तर समुद्रावर अडचणीत दिसलेल्याला वाचवायचंच, असा मासेमारांचा जुना नियम आहे आणि तो पाहणारे 'पांग्लिमा लाओत' म्हणून त्यांचे पुढारीही आहेत. २०१५ च्या मे महिन्यात सरकारं रोहिंग्यांच्या नावांना परत लोटत होती, तेव्हा तिथल्या मासेमारांनी शेकडो माणसं किनाऱ्याला आणली. गावकऱ्यांचा हात हवा असेल तर एक गोष्ट त्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवी: बुडणाऱ्याला नावेत घेतलं म्हणून तुमच्यावर गुन्हा लागणार नाही.

बेटावरचा मुक्काम लांबणं हा वेगळाच धोका. लाम्पेदुसावर साधारण सहा हजार लोक राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन दिवसांत तिथे त्याहून जास्त माणसं उतरली, पाणी आणि शौचालयं कमी पडली. हिंदी महासागरातल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर उलट झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये श्रीलंकेच्या तमिळांची एक नाव तिथे आणली गेली. त्या बेटावर गाव नाही, लष्करी तळ आहे. तंबूंची तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेलं ते तीन वर्षं चाललं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच न्यायालयाने ती कैद बेकायदा ठरवली. ज्या दिवशी ताबा घेता त्याच दिवशी पुढचा ताबा कोणाकडे आणि कधी, हे लेखी मागून घ्या.

बातमीतलं ते 'ताब्यात घेतलं' कागदावर उतरतं तेव्हा एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाणारं एक पान असतं. त्या पानावर मी दोन रकाने सक्तीचे करून घेतले होते. एक, निघाले किती. दोन, सुपूर्द केले किती. दोन्ही आकडे वेगळे असतील तर खाली प्रत्येक हरवलेल्या माणसाचं वर्णन: कपडे, उंची, जुनी जखम, दात, आणि सांगणारा नातेवाईक कोण. लाम्पेदुसाच्या त्या ३ ऑक्टोबरच्या मृतांची ओळख पटवायला मिलान विद्यापीठाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं काम केलं, आणि नातेवाइकांनी आणलेले फोटो आणि वस्तू तिथे कामी आल्या.

आमच्या त्या तिसऱ्या माणसाच्या बहिणीकडून दुसऱ्या दिवशी सगळं लिहून घेतलं होतं: तपकिरी स्वेटर, डाव्या कोपराचं लहानपणी मोडलेलं हाड. तिच्या लाळेचा नमुनाही घेतला होता. पाच आठवड्यांनी नव्वद किलोमीटरवरच्या एका निर्जन बेटावर मासेमारांना एक देह मिळाला, स्वेटर निम्माच उरला होता. हाड जुळलं, मग नमुना जुळला. ती तोवर दुसऱ्या शहरातल्या निवारागृहात होती. दुभाष्याला घेऊन मी स्वतः तिला सांगायला गेलो.